कव्हरवरचं नाव

"सिंफनी एकच, वाद्यवृंद एकच. मग रेकॉर्डी तीन कशाला?" चिऊने विचारलं.

"माणसं रोज सारखी वाजवत नाहीत म्हणून," म्हातारा दुकानदार म्हणाला आणि त्याने पहिली तबकडी लावली.

चाळिशी उलटली तरी ती घरात चिऊच होती. तशी हाक मारणारे आता एकटे बाबा उरले होते, आणि आई गेल्यापासून त्यांनीही तोंडाला कुलूप घातलं होतं. तीन महिने झाले, 'हं' आणि 'नको' यापलीकडे शब्द नाही. या वाद्यवृंदात त्यांनी तीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलं होतं. ही सिंफनी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. घरची रेकॉर्ड फुटली तेव्हा चिऊ शाळेतही जात नव्हती. पण बाबांच्या त्या वादनाचं कौतुक आईने जन्मभर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं होतं. तीच रेकॉर्ड शोधत चिऊ आज या दुकानात आली होती आणि बाबांचं नावही तिने सांगितलं होतं.

पहिल्या रेकॉर्डमध्ये क्लॅरिनेट अगदी स्वच्छ वाजत होतं. दुसरीत जरा घाईचं. तिसरीत संथ भाग आला आणि क्लॅरिनेटच्या पहिल्या सुराआधी कुणाचा तरी श्वास ऐकू आला. चांगला मोठा.

"हे काय?"

"धाप. वाजवणारा दमला होता." दुकानदाराने सुई उचलली. "ही नका घेऊ. पहिली न्या. तीत तुमच्या वडिलांनी फार सुरेख वाजवलंय."

चिऊने तिसरीचं कव्हर उलटलं. बारीक अक्षरांत 'एकल क्लॅरिनेट' आणि पुढे बाबांचं नाव. बाकी दोन्ही कव्हरांवर वादकांची नावंच नव्हती.

"नाव तर हिच्यावरच आहे."

"आहे खरं. पण कव्हर छापणाऱ्यांना सुरातलं काय कळतं?"

चिऊला ते लागलं. "धाप तर धाप. माझ्या बाबांची आहे ना? मला हीच हवी."

दुकानदाराने तबकडी मऊ फडक्याने दोनदा पुसली आणि जपून पाकिटात सरकवली.

"त्यांना नमस्कार सांगा."

"कुणाचा सांगू?"

"एका जुन्या श्रोत्याचा."

घरी बाबा खिडकीपाशी बसले होते. चिऊने रेकॉर्ड लावली. धाप ऐकू आली आणि बाबा ताठ बसले. संथ भाग संपेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत. उघडले तेव्हा ते भरलेले होते.

"काय वाजवलंय हो बाबा तुम्ही!"

"मी नाही, चिऊ."

ती दचकली. त्यांचा आवाज ती विसरूनच गेली होती.

"अहो, नाव आहे ना तुमचं!"

"कव्हर आधीच छापून झालं होतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळीच तुझ्या आईला कळा सुरू झाल्या. मी दवाखान्यात, तू यायच्या वाटेवर. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा मित्र त्या दिवशी रजेवर होता. निरोप मिळताच धावत गेला आणि माझ्या जागी वाजवलं त्यानं. तुझ्या आईजवळ मी हे कधी बोललो नाही. आपल्यामुळे यांचं हुकलं, असं तिनं मनाला लावून घेतलं असतं. आणि त्या भल्या माणसानंही कधी कुणाला सांगितलं नाही."

"कुठे असतात ते आता?"

"काय ठाऊक. वाद्यवृंद सोडला आणि रेकॉर्डींचं दुकान टाकलं, एवढं कानावर आलं होतं."