जागं राहिलेलं मन

"कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण भूल दिल्यावरही मी टक्क जागी होते," शेजारच्या खाटेवर चादर मुठीत धरून बसलेल्या तानूआजी म्हणाल्या.

हिरवा गाऊन घालून स्ट्रेचरची वाट बघणारी कावेरी ताडकन उठून बसली. "काय सांगता, आजी!"

"अगं, जाणीव काय एकच असते? शरीराची वेगळी, मनाची वेगळी. माझं शरीर झोपलं, मन मेलं जागंच! पोटावर सुरी फिरलेली कळत होती, अन् ओरडावं तर तोंड झोपलेलं."

कावेरी खाटेवरून उतरली. "मला नाही करायचं ऑपरेशन. मी घरी जाते."

स्ट्रेचर घेऊन आलेल्या सिस्टरने तिला दंडाला धरून थांबवलं.

"आजी, कशाला थापा मारता? तुमचं पहिलंच ऑपरेशन तर उद्या आहे!"