ठिपकीचं दूध

साल २०१८. महाळुंग्याला आमचा डुकरांचा फार्म होता. सिद्धेशने तरुण माद्यांच्या कानाचे नमुने तपासायला पाठवले होते. पुढे कुणाला जास्त पिल्लं होणार, ते जनुकांवरून आधीच कळतं म्हणे. तेवढ्या ठेवायच्या, बाकीच्या खाटकाला.

माझी ठिपकी नापास झाली.

"आई, हिला मोजकीच होणार. ठेवून काय करू?"

"दूध तर येईल ना रे?"

"तुझ्यापुढं रिपोर्टचं काय चालतंय!" तो हसला. ठिपकी राहिली.

पहिल्या नंबराच्या मादीला सडांपेक्षा जास्त पिल्लं झाली. आदल्याच दिवशी व्यालेल्या ठिपकीचे सड मोकळे होते. सिद्धेशने उरलेली पिल्लं तिच्या कुशीत सोडली. तिने हुंगलं, डोळे मिटले आणि आडवी झाली. पिवळ्या उजेडात नुसता चुटुचुटु आवाज. बाजूच्या कंपनीची घरघरही त्यात विरून गेली.

ठिपकी म्हातारी होऊन गेली. फार्मच्या जागी गोदाम आलं. माझी जाऊ काळेवाडीला तिच्या बुद्धरत्नकडे असते. बुद्धरत्न आणि सिद्धेश तिचे जुळे. ते जन्मले तेव्हा तिचं दूध दोघांना पुरेना, आणि माझं बाळ नुकतंच गेलं होतं. दूध मात्र येतच होतं. सिद्धेश अजून मलाच आई म्हणतो.