बसायची रीत

गिटार तिसऱ्यांदा मांडीवरून घसरली. भाग्यश्रीने ती पोटाशी दाबून धरली, डोक्यावरचा पदर सावरला आणि पुन्हा तारांवर बोटं ठेवली. पदर ओघळला तो नेमका तारांवर. आवाज निघाला भांड्यावर झाकण पडल्यासारखा.

समोर, घरापुढच्या सपरीतल्या एकुलत्या एका प्लास्टिकच्या खुर्चीवर सासरे बसले होते. बकाराम. धानाच्या बांधीवरून आले, हातपाय धुतले आणि थेट ऐकायलाच बसले. तंबाखू मळून झाली होती, पण तोंडात टाकली नव्हती.

उद्या अकरा वाजता तिला अर्जुनीच्या एका शाळेत जायचं होतं. संगीत शिकवायची जागा होती, कमिटीसमोर दोन गाणी वाजवून दाखवायची होती. नवरा, योगराज, फोनवर म्हणाला होता, माझं काही नाही, तू बाबाला विचार. आणि बाबा म्हणाले होते, सून चार माणसांत काय करणार ते आधी मला पाहू दे, मग जायचं का नाही ते सांगतो.

म्हणून ती चटईवर मांडी घालून बसली होती. खाली बसलं की गिटारीचं पोट जमिनीला टेके, डावं मनगट दुमडून दुखायला लागे, तारा बघायला पाठीत वाकावं लागे. सोपे सूरही फाटत होते. खोलीत असं होत नसे. खोलीत ती खाटेच्या काठावर बसे, डाव्या पायावर उजवा टाकून, आणि गिटार त्या मांडीवर अशी बसे, जशी तिची आठ महिन्यांची मोनू कडेवर बसते. पण सासऱ्यांसमोर? लग्नाला दोन वर्षं होत आली, त्यांच्यादेखत ती खुर्चीला कधी टेकलीसुद्धा नव्हती. पायावर पाय तर लांबच राहिला.

"हे असंच वाजते काय?" बकारामांनी विचारलं.

"नाही जी," ती पुटपुटली. पुढचं सांगता येईना.

दाराशी सासू, रुख्माबाई, मोनूला खांद्यावर थोपटत उभी होती. तिनेच सांगून टाकलं.

"खोलीत मस्त वाजवते ते. खाटेवर बसते, पायावर पाय टाकून. तसं बसल्याबिगर नाही जमत तिले."

संपलंच आता. शाळेत पाठवायचा मेसेज भाग्यश्रीने मनात लिहायलाही घेतला: घरी अडचण आहे, उद्या येणं जमणार नाही.

बकाराम उठले. खुर्ची उचलून त्यांनी तिच्यापुढे ठेवली, सपरीच्या कडेला गेले आणि अंगणाकडे तोंड करून पायरीवर बसले. तिच्याकडे पाठ.

"आता मले काही दिसत नाही," ते म्हणाले. "बस जशी बसते तशी."

तिने सासूकडे पाहिलं. सासूने मानेनेच खुर्ची दाखवली.

ती बसली. आधी अर्धीच, मग नीट. पाय उचलून दुसऱ्या पायावर टाकला. पाठ सरळ झाली, मनगट सुटलं, आणि गाणं पहिल्याच फटक्यात धड निघालं. रुख्माबाईचं थोपटणं हळूहळू त्याच ठेक्यात आलं. बकारामांची मान मात्र हलली नाही.

गाणं संपलं.

"चांगलं वाजवते," ते अंगणालाच सांगितल्यासारखं म्हणाले. "जाय उद्या." मग जरा थांबून, "पण तिथली मानसं तर समोर तोंड करून बसतीन. सारे माह्याच वयाचे. तवा कशी बसशीन?"

तिचा पाय आपसूक खाली यायला लागला होता. तो तिने तिथेच थांबवला.

"मामाजी," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. "जरा इकडे तोंड करून बसा न जी."

रुख्माबाईचा हात मोनूच्या पाठीवर थांबला. मग खांबाला धरून बकाराम सावकाश वळू लागले.

भाग्यश्रीने पुन्हा तारांवर बोटं ठेवली. पाय तिने खाली घेतला नाही.