बिनखड्याची अंगठी

"खडा परत बसवू नका, काका. यांची अंगठी नुसती गुळगुळीत करून द्या," ती म्हणाली आणि तिने पदर गालावर ओढून घेतला.

पोतदार सोनारांनी अंगठी तळहातावर घेतली. तिच्या लग्नात नवऱ्यासाठी त्यांनीच ती घडवली होती. खडा चांगला उंच बसवला होता, लांबून डोळ्यांत भरावा म्हणून. वर्षभरात तो तिसऱ्यांदा निखळला होता. दर वेळी ती सांगायची, यांचा हात दाराला लागला. दर वेळी पोतदार खडा आणखी घट्ट बसवायचे आणि वर म्हणायचे, "आता दार मोडेल, पण खडा हलायचा नाही."

त्यांनी अंगठी रिठ्याच्या पाण्यात टाकून ब्रश फिरवला. खडा धरणाऱ्या नख्यांमधून काहीतरी तपकिरी सुटलं आणि फेस हळूहळू तांबूस झाला. पोतदारांचा हात थांबला. समोर ती मान खाली घालून बसली होती.

त्यांनी कातर उचलली. चारही नख्या कापल्या, कानशीने घासल्या, पुन्हा पुन्हा बोट फिरवून पाहिलं. कुठेही बोचत नव्हतं.

दोन दिवसांनी अंगठी न्यायला नवराच आला. खडा कुणी काढायला सांगितला असं याने विचारलं तर काय सांगायचं, याची जुळवाजुळव करतच पोतदारांनी अंगठी पुढे केली. त्याने अंगठी घातली. बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"झकास," तो हसून म्हणाला. "आता मूठ कशी घट्ट वळते."