फक्त कारभार एक

न्यू जर्सीतलं आमचं एवढंसं टाउन शेजारच्या मोठ्या टाउनमध्ये विलीन करायचं घाटत होतं. सुनावणीला हॉल गच्च भरला. तरुण मेयर यशोधन गोड हसत सगळ्यांना इंग्लिशमध्ये समजावत होता, "घाबरू नका. फक्त कारभार एक होईल. बाकी सगळं तुमचं तुमच्याकडेच राहील."

दिगंबरकाका माइकपाशी आले.

"आधी असंच म्हणतात. मग मेलबॉक्सवरचं तुमचं नाव जातं. हीटर किती ठेवायचा, तेही दुसरेच ठरवतात. शेवटी साधी फोडणी करायची तर घरात वास नको म्हणून गॅरेजमध्ये जावं लागतं!"

हॉलमध्ये हशा पिकला. मेयर मात्र हसला नाही. समोरच्या कागदांकडे बघत म्हणाला, "सर, प्लीज विषयाला धरून बोला. नेक्स्ट!"

काका माइकपासून हलले नाहीत. इतका वेळ इंग्लिशमध्ये बोलत होते, ते आता मराठीत बोलले.



"बाळा, आईला आणि मला आमचं घर विकायला लावलंस ना, तेव्हाही तू हेच भाषण केलं होतंस."