मास्तरांची ट्राउट

"आज कुठल्या खाडीत?" लॅव्हरी मास्तरांनी होडीत पाय टाकत विचारलं.

"आधी बसा तर खरं. आणि गुडघे सांभाळा," म्हणत डेलियाने होडी काठावरून ढकलली.

धक्क्यावर कोलमन आपल्या होडीतलं पाणी उपसत होता. तो गप्प बसेल तर शपथ. "काय मास्तर, यंदाही शेवाळच धरणार, की बदल म्हणून एखादी काटकी?"

"काटकी लागली तर तुझ्या चुलीला पाठवून देतो," मास्तर म्हणाले.

"डेलिया, बापाचं नाव बुडवलंस गं. म्हातारा आंधळ्यालासुद्धा मासा मिळवून द्यायचा."

डेलियाने होडीचं तोंड फिरवलं. तिने वल्ही मारली. हे टोमणे आता अंगवळणी पडले होते. कॉरिबसारख्या अफाट तळ्यात कुठल्या खाडीत ट्राउट मासळी आहे आणि कुठल्या नाही, हे तिला पाठ होतं. पण हे सांगायचं कुणाला आणि कशाला?

मास्तर दर मे महिन्यात बेलफास्टहून यायचे. त्या दिवसांत तळ्यातून पंखवाल्या माश्यांचे थवेच्या थवे उडत वर येतात. त्यांच्यामागे ट्राउट वेड्या होतात, आणि ट्राउटमागे माणसं. पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बनवायची, तिच्या पोटाखाली गळ, आणि द्यायची वाऱ्यावर सोडून. मास्तरांच्या माश्यांना मात्र दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. गळ टाकणाऱ्यांची असली खुळं डेलियाने पुष्कळ पाहिली होती, म्हणून तिनेही कधी लावला नव्हता.

पहिल्या वर्षी ते आले तेव्हा म्हातारा धडधाकट होता. त्याच्यासमोर मास्तरांनी जाहीर केलं, "या तळ्यातली एक मोठी ट्राउट मिळाली, की गळाची काठी खुंटीला टांगली. मग तुम्हाला त्रास द्यायला यायचो नाही."

म्हातारा हसला. डेलियाने मात्र ते मनात धरलं.

पुढच्या वर्षी बाप अंथरुणाला खिळला आणि वल्ही तिच्या हाती आली. तेव्हापासून ती मास्तरांना नेमकी अशा खाड्यांत नेत आली, जिथे मासा चुकूनसुद्धा फिरकत नाही. तळाला गाळ, पाणी मेलेलं. बाप म्हणायचाच, पोट भरलेला पाहुणा परत येत नाही. तर मग राहू दे बापडा उपाशी.

लोक हसले तर हसू देत. वर्षातला एक आठवडा हा माणूस तिच्यासमोर बसायचा, शाळेतल्या पोरांच्या गमती सांगायचा, तिचा डांबरासारखा चहा गोड मानून प्यायचा. बाकीचं वर्ष ती त्या आठवड्यावर ढकलायची. तिला तो हवा होता. इकडे बापाचं आजारपण, तिकडे मास्तरांच्या बहिणीचं. पुढे ती दोन्ही आजारी माणसं सुटली, पण तोवर न बोलायचीच सवय जडली होती.

सकाळ अशीच रिकामी गेली. दुपारी दोघं बेटावर उतरली. डेलियाने काटक्या पेटवून किटली चढवली, ब्रेडला लोणी फासलं.

"सांगायचं राहूनच जातंय," मास्तर म्हणाले. "हे शेवटचं वर्ष. पुतण्या कॅनडाला बोलावतोय. घर विकायला काढलंय."

डेलियाने काटकी मोडून चुलीत सारली. "तिकडे तळी असतील की."

"आहेत म्हणे. मोठाली."

"मग झालं तर."

"हो. झालं तर." मास्तर थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. ती आणखी काही बोलेल असं त्यांना वाटलं की काय, कोण जाणे. तिने त्यांच्या हातात ब्रेडचा तुकडा दिला.

किटली धुताना तिचे डोळे भरून आले, त्याचा आळ तिने धुरावर घातला. इतकी वर्षं उपाशी ठेवलं या माणसाला. निदान निघताना तरी त्याचं पान वाढावं. बाप पाहुण्यांना हमखास मासा मिळवून द्यायचा त्या खाडीकडे तिने होडी वळवली.

"इकडे कुठे? सकाळची खाडी बरी होती की," मास्तर म्हणाले.

"काय बरी होती? बेडूक तरी होता का तिथे?"

"शांत होती."

"आज माझं ऐका जरा."

खाडीच्या काठाने पांढऱ्या फुलांची काटेरी झाडं पाण्यावर वाकली होती. वारा सुटला की फांद्यांवरच्या माश्या झडून पाण्यात पडायच्या, आणि खालून तपकिरी पाठी वर यायच्या. एकेक पाठ हातभर लांब. मास्तरांचा चेहरा उतरला.

"वारा अवघड आहे इथे," ते म्हणाले.

"वाऱ्याचं मी बघते. तुम्ही टाका."

माशी पाण्याला लागली न लागली, तोच पाणी फुटलं. मास्तरांनी काठी उचलली. दोरी रिकामी आली.

"निसटली," ते म्हणाले.

पुन्हा टाकली. आधीच्यापेक्षा मोठी ट्राउट आली, माशी तोंडात घेऊन वळली आणि सोडून गेली. तिसरीही तशीच. डेलियाला राहवेना. तिने वल्ही आत घेतली आणि दोरी धरून ओढली.

"असू दे, डेलिया. नशिबात नाही."

"नशीब कसलं? बघू ती माशी."

पिसं जागच्या जागी होती, दोरा पक्का होता. पण गळाचा वाक गेलेला, मागे उरली होती नुसती सरळ तार.

"मागे कुठेतरी दगडावर आपटून मोडला," ती म्हणाली. असं होतं कधीकधी. "दुसरी द्या. चटकन, आहेत अजून त्या."

मास्तरांनी माश्यांच्या डबीवर हात ठेवला. "राहू दे."

आज ती ऐकणार नव्हती. तिने त्यांच्या हाताखालून डबी काढून घेतली आणि उघडली.

आत माश्या ओळीने लावलेल्या होत्या. एकीलाही गळ नव्हता. प्रत्येकीचा वाक पकडीने साफ कापलेला. कोपऱ्यात एक पिसं झडलेली माशी होती. त्या पहिल्या वर्षी मास्तर निघाले तेव्हा डेलियाच्या बापाने त्यांच्या हातावर ठेवली होती, ती. तिचाही गळ कापलेला होता, आणि कापल्या जागी जुना गंज चढला होता.