दर बुधवारी नऊ प्रश्न

अकरा. चौदा. अठरा.

अकोल्याच्या जठारपेठेतला एक हॉल, तीन दिवसांचं प्रशिक्षण. फळ्यावर एकच ओळ : ‘बरं वाटतं का’ असं विचारू नका. मोजा.

शेंदूरजनाघाटहून अमरावतीला निघालेली सकाळची एसटी.

दवाखान्याच्या बाकावर एक सून. मोबाइलमध्ये बघून हसते, कुणी पाहिलं की गप्प होते.

बावीस.

बावीसची बेरीज भावनाने दोनदा केली. सत्तावीसपैकी बावीस. अमरावतीच्या त्या दवाखान्यात समुपदेशक म्हणून तिला आठ महिने झाले होते आणि प्रशिक्षणानंतर हाती घेतलेली ही पहिलीच केस होती. चार बुधवार, दर बुधवारी नैराश्य मोजणारे तेच नऊ प्रश्न, आणि आकडा खाली यायचं नाव घेत नव्हता.

समोर पार्बताबाई बसल्या होत्या. दाराबाहेर बाकावर त्यांची सून आरती. त्यांच्या नितेशशी लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, त्यातच दिवाळीत सासरे वारलेले. पहिल्या बुधवारी दोघी आत आल्या तेव्हा आरतीने मान वर केली नव्हती. भावनाने पहिला प्रश्न विचारला, उत्तर सासूने दिलं. दुसऱ्याचंही. पुढच्या आठवड्यापासून आरती बाहेरच थांबू लागली.

पेशंटला एकटीला विचारा, हे प्रशिक्षणात तीनतीनदा सांगितलं होतं. भावना ते विसरली नव्हती. पण सासूच्या देखत सून तोंड उघडायची नाही आणि सासू सगळं इतकं बारकाईनं सांगायची, की तिने ते तसंच चालू दिलं. झोप तीनला मोडते. चहा गोड लागत नाही. धुणं भिजवलं की दोन दोन दिवस तसंच राहतं.

“तिच्याशी बोलत जा जरा,” भावना म्हणायची.

“बोलाले घरात हाये कोन, बाई?” पार्बताबाई म्हणायच्या.

आजचा नववा प्रश्न विचारताना तिचा आवाज नकळत खाली आला होता. “यापेक्षा मेलेलं बरं, असं मनात येतं?”

पार्बताबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “रोज.”

“रोज?”

“लिहा ना बाई. रोजच.”

भावनाने पेन ठेवलं. खुर्ची पुढे ओढली आणि एकेक शब्द सावकाश उच्चारला. “हे बघा, तिला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही. तुमच्या घरी फवारणीच्या औषधाची खोली आहे ना? आज गेल्या गेल्या कुलूप लावा. किल्ली तुमच्याजवळ ठेवा. तिच्या हाती पडायला नको.”

“नाई पडनार. माह्याचपाशी ठेवीन.”

“आणि उद्या सकाळी मोठ्या डॉक्टरांकडे जायचं. मी स्वतः येते तुमच्याबरोबर.”

“उद्या,” पार्बताबाई म्हणाल्या. चार आठवड्यांत पहिल्यांदाच त्या हसल्या. उठताना त्यांनी भावनाच्या गालावरून हात फिरवला. “तुमी लय जीव लावता, बाई.”

साडेचारला सुगत सरांचा फोन आला. प्रशिक्षण त्यांनीच दिलं होतं. दर बुधवारी अकोल्याहून ते प्रत्येकाचे आलेख तपासायचे.

“काय वो मॅडम, हा आलेख हाये का जिना? चढूनच राहिला.”

“सर, घरची परिस्थितीच तशी आहे.”

“घरचं राहू द्या. आकडा वाढला का पेशंटवर नाही, आपल्यावर शंका घ्यायची. काय सांगतलं होतं मी? त्या पोरीले एकटीले विचारलं का तुमी?”

“हो.”



“नक्की?”

“हो, सर.”

खोटं बोलून फोन ठेवला. तिने आरतीचा नंबर लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही रिंग पूर्ण वाजून थांबली. भावना उभी राहिली. शेंदूरजनाघाटला पोचायला तीन तास तरी लागणार होते. तिने पर्स उचलली, चौथ्यांदा लावला.

“हां मॅडम, बोला.” मागे टीव्ही, भांडी, लहान मुलांचा गोंधळ.

“आरती! कुठे आहेस तू?”

“अकोल्याले. माहेरी. दवाखान्यातून निघालो तं आत्याबाईनं स्टँडवर नेऊन थेट गाडीतच बसवून देल्लं.”

“एकटी आहेस?”

“एकटी काऊन? आठ जनं हायेत घरात.”

भावना परत खुर्चीत बसली. सासूने एवढं सांगूनही पोरीला नजरेआड केलं होतं. पण निदान माणसांत होती. “आरती, आता खरं सांगायचं, घाबरायचं नाही. झोप लागते का तुला?”

“मले?” आरती खिदळली. “मले तं हलवून उठवा लागते, मॅडम.”

“जेवण?”

“दोन किलो वाढली मी.”

भावना एकेक प्रश्न विचारत गेली आणि एकेक शून्य मांडत गेली. नवव्या प्रश्नाला पलीकडचं हसू थांबलं.

“मॅडम, हे तुमी मले काऊन विचारून राहिल्या? हे तं आत्याबाईचं हाये ना? मामंजी गेल्यापासून त्याच नाई झोपत. मी तं नुसती सोबतीले येत होती.”

भावना ताडकन उठली. “घरी त्यांच्याजवळ कोण आहे?”

“कोनीच नाई. नितेश सेमाडोहच्या जंगलात टुरिस्टची जिप्सी चालवते, तो रविवारी येईन. मी म्हटलं थांबते, तं त्याच म्हने, जाय, राहून ये चार दिवस. मघाशी फोन आलता त्याहिचा, पोचली म्हने घरी.”

पहिल्या बुधवारी खिडकीवरच्या माणसाने केसपेपरवर पार्बताबाईंचंच नाव लिहून पाठवलं होतं. मान खाली घातलेल्या सुनेकडे बघून भावनाने ते खोडलं आणि तिथे आरतीचं लिहिलं.